गिलोजचे सेस्ना १७० : उडवायचे असेल तर पेटीतले सगळे वापरू नये

पिळलेल्या रबराच्या जोरावर उडणारे, बाल्सा या हलक्या लाकडाचे छोटे विमान स्वतः बांधावे असे मनात घेऊन जो कोणी पहिले किट शोधू लागतो, त्याच्यासमोर बहुधा गिलोज हे नाव सर्वांत आधी येते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेकफील्ड येथील ही कंपनी १९२६ साली पॉल गिलो यांनी सुरू केली. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी नौदलात वैमानिक होते. कंपनी सुरू झाल्यानंतर वर्षभरातच चार्ल्स लिंडबर्ग यांनी एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडला, विमानांचे वेड घरोघरी पोहोचले आणि लाकडाच्या काड्या व पातळ कागद यांपासून विमान बांधण्याचा छंद शाळकरी मुलांपर्यंत गेला. तेव्हापासून आजपर्यंत गिलोजच्या अशा पेट्या बाजारात आहेत. पेटीतला माल बदलत गेला, पण कल्पना तीच राहिली.

मी येथे परीक्षण करीत आहे ते सेस्ना १७० या विमानाच्या किटचे. पंखांचा विस्तार २४ इंच, म्हणजे मूळ विमानाचा अठरावा हिस्सा. माझे मत आधीच सांगतो. बांधणी शिकण्यासाठी याहून चांगली पेटी या किमतीत मिळणे अवघड आहे. मात्र ही पेटी दोन वेगवेगळ्या ग्राहकांना एकाच वेळी विकली जाते. एकाला कपाटात ठेवण्यासाठी देखणी प्रतिकृती हवी असते, तर दुसऱ्याला विमान उडवायचे असते. पहिल्यासाठी ज्या गोष्टी पेटीत घातल्या आहेत, त्यांतल्या काही दुसऱ्याने बाजूला काढून ठेवायला हव्यात, आणि कोणत्या काढायच्या हे पेटीवर कोठेही लिहिलेले नसते. हे परीक्षण त्या दुसऱ्या ग्राहकासाठी आहे.

सेस्ना १७० हे चार आसनी विमान १९४८ मध्ये बाजारात आले आणि १९५६ पर्यंत त्याची पाच हजारांहून अधिक विमाने तयार झाली. त्याच्या शेपटीखालचे चाक काढून नाकाखाली चाक बसवले, तेव्हा त्यातून सेस्ना १७२ जन्माला आले. आपल्याकडच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांच्या धावपट्ट्यांवर दिसणारे, आणि जगात सर्वाधिक संख्येने तयार झालेले विमान ते हेच. रबरावर उडवण्यासाठी मात्र थोरल्या भावंडाची, म्हणजे १७० ची, निवड अधिक शहाणपणाची आहे. शेपटीखाली चाक असलेले विमान जमिनीवर नाक वर करून उभे राहते, त्यामुळे पुढे मोठा प्रोपेलर फिरायला जागा मिळते. पंख केबिनच्या वर असल्याने वजन पंखांच्या खाली लटकते आणि विमान कलले तरी सावरण्याकडे त्याचा कल राहतो. स्पिटफायर किंवा मस्टँगसारखी लढाऊ विमाने पेटीवरच्या चित्रात कितीही मोहक दिसली, तरी पंख खाली असलेले विमान रेडिओ नियंत्रणाविना सरळ उडवणे हे अनुभवी हातांचे काम आहे. पहिल्या किटसाठी सेस्ना घ्यावे, असे मी कोणालाही निःशंकपणे सांगेन.

या विमानात काही अडचणी जन्मजातच आहेत, आणि त्यांचा दोष किटला देता येणार नाही. मूळ विमानाचे नाक आखूड आहे, मागचे आडवे पंख लहान आहेत, आणि मुख्य पंखांची टोके अगदी थोडीच वर उचललेली आहेत. माणूस सुकाणू धरून बसलेला असतो तेव्हा एवढे पुरते. आपल्या विमानात कोणी बसलेले नसते, त्यामुळे त्याने स्वतःच तोल सांभाळायला हवा. म्हणून पंख जोडताना प्रत्येक टोक साधारण २५ ते ३० मिलिमीटर वर उचलावे. मूळ विमानाशी असलेले साम्य त्यामुळे किंचित कमी होते, पण हवेत गेल्यावर ते कोणाच्याही लक्षात येत नाही.

आता पेटीविषयी. आत लेझरने कापलेल्या बाल्साच्या फळ्या, काड्या, पूर्ण आकाराचा आराखडा, सांगाड्यावर चढवायचा पातळ टिश्यू कागद, खिडक्यांसाठी पारदर्शक प्लॅस्टिक, साच्यातून काढलेले प्लॅस्टिकचे भाग, चाके, प्रोपेलर, रबर आणि पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरे व चित्रे असा ऐवज असतो. गोंद आणि अवजारे आपली आपण घ्यायची. माझी पेटी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आली, तिचा एक कोपरा चेपलेला होता आणि आतल्या दोन काड्या मोडल्या होत्या. विक्रेत्याने पेटी साध्या पातळ पिशवीत गुंडाळून पाठवली होती. बाल्सा मागवताना बाहेरून कडक खोके घालून पाठवण्याची विनंती आधीच करावी, कारण काडी मोडली तर ती बदलता येते, परंतु कापलेल्या फळीला दाबाचा खड्डा पडला तर तो तुकडा बहुधा वायाच जातो.

लेझरचे कापकाम हा या किटमधला मोठा सुधार आहे. पूर्वी हेच भाग छाप्याने दाबून कापलेले येत, छापा बोथट झाला की लाकूड कापले जाण्याऐवजी चिरडले जाई, आणि पंखाची बारीक फासळी फळीतून सोडवता सोडवताच तुटे. आता भाग स्वच्छ सुटतात आणि खाचा काडीच्या मापाच्या असतात. लेझरने कडा करपून काळ्या होतात, तेवढ्या बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसून घ्याव्यात, म्हणजे गोंद लाकडात नीट शिरतो आणि पांढऱ्या टिश्यूतून काळी रेघ दिसत नाही.

लाकडाबद्दल मात्र अधिक बोलायला हवे. बाल्सा हा प्रामुख्याने इक्वेडोरमधून येणारा, अतिशय झपाट्याने वाढणारा वृक्ष आहे. त्याचे लाकूड किती जड असेल, हे झाड कसे व कोठे वाढले यावर अवलंबून असते, आणि एकाच खोडातल्या फळ्यांतही खूप फरक पडतो. हलका बाल्सा घनमीटरला १०० किलोच्या आसपास भरतो, तर जड बाल्सा सहज त्याच्या दुप्पट. दीड मिलिमीटर जाडीची, ७५ मिलिमीटर रुंद आणि ९०० मिलिमीटर लांब फळी हलक्या प्रतीची असेल तर सुमारे १० ग्रॅमची, आणि जड प्रतीची असेल तर २० ग्रॅमची. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. गिलोजच्या पेटीतले लाकूड जड बाजूला झुकते, अशी जगभरच्या मॉडेलर मंडळींत जुनी समजूत आहे, आणि त्यामागचे कारण मला समजण्यासारखे वाटते. नवख्याच्या हातात मजबूत लाकूड टिकते, हलके लाकूड मोडते, आणि पेटी मुख्यतः नवख्यांसाठी आहे. ज्याला उडवायचे आहे त्याने स्वयंपाकघरातला किंवा सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा जवळ ठेवून प्रत्येक फळी तोलावी. सगळे लाकूड बदलण्याची गरज नाही. शेपटीचे भाग आणि धडाच्या मागच्या अर्ध्या भागातल्या काड्या एवढ्याच हलक्या बाल्साच्या करून घेतल्या, तरी निम्मी लढाई जिंकल्यासारखे होते. त्याचे कारण पुढे येईल.

बांधणीसाठी पाट म्हणून मऊ थर्माकोलची जाड फळी किंवा सॉफ्टबोर्ड चालतो. त्यावर आराखडा पसरावा, त्यावर बटर पेपर किंवा पातळ पारदर्शक प्लॅस्टिक घालावे, आणि टाचण्यांनी काड्या रेषेवर धरून ठेवाव्यात. टाचणी काडीच्या आरपार घालू नये, दोन्ही बाजूंना तिरकी टोचून काडी त्यांच्यामध्ये पकडावी. आराखड्यातली चित्रे इतकी स्पष्ट आहेत की इंग्रजी फारसे न येणारा मुलगाही केवळ आकृत्या पाहून बहुतेक काम करू शकेल. कोणता भाग कोणत्या फळीत आहे ते क्रमांकाने दाखवलेले असते, आणि आडवे छेद, म्हणजे धडाचा आकार ठरवणारे तुकडे, उभे करून त्यांच्या खाचांत लांब काड्या बसवत गेले की केबिनमागचा उतरता आकार आपोआप तयार होतो. हा टप्पा या किटमधला सर्वांत आनंदाचा आहे. कागदावरच्या सपाट रेषांतून विमानाचे अंग उभे राहताना पाहणे, आणि ते आपल्या हातांखाली घडत आहे हे जाणवणे, यासाठी मी हे किट पुन्हा विकत घेईन.

गोंदाबाबत माझा आग्रह साध्या फेविकोलचा आहे, तोही थोडे पाणी घालून पातळ केलेला आणि काडीच्या टोकाने थेंबाएवढाच लावलेला. तो सावकाश वाळतो, त्यामुळे चूक सुधारायला वेळ मिळतो. फेविक्विकसारखा झटपट गोंद काम भराभर उरकतो, पण त्याचा सांधा ठिसूळ असतो, वाफ डोळ्यांना झोंबते आणि सांध्यावर त्याचा कडक थर राहिला की तेथे पॉलिश पेपर चालत नाही, आजूबाजूचे मऊ लाकूड मात्र झिजत जाते. तुटलेली काडी मैदानावरच जोडायची असेल तेव्हा त्याचा उपयोग आहे. घरी बांधताना घाई नसावी. सर्व सांधे वाळल्यावर संपूर्ण सांगाड्यावरून लांब, सपाट पॉलिश पेपरची पट्टी हलक्या हाताने फिरवावी, कारण टिश्यूखाली राहिलेला प्रत्येक उंचवटा शेवटी दिसतो.

आता टिश्यू आणि रंगकाम. किट बांधणाऱ्या बहुतेकांची निराशा याच टप्प्यावर होते, आणि आपल्या हवामानाचा खरा संबंधही येथेच येतो. टिश्यूला धागा असतो, म्हणजे तो एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. सरळ फाटणारी दिशा पंखाच्या लांबीशी समांतर ठेवावी. पंखाच्या कडांना पातळ फेविकोल किंवा साधी गोंदकांडी लावून कागद बसवावा, सुरकुत्या हळूहळू बाहेर ओढाव्यात, आणि वाळल्यावर अगदी बारीक तुषाराने पाणी मारावे. वाळताना कागद आकसतो आणि ढोलकीच्या पानासारखा ताणला जातो. तो ताणला जात असताना पंख पाटावर टाचण्यांनी किंवा वजनांनी सपाट दाबून ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. नाहीतर पंखाला पीळ बसतो, आणि पीळ बसलेले विमान कितीही सुंदर दिसले तरी सरळ उडत नाही.

पेटीतला टिश्यू वापरण्याजोगा आहे, पण त्याचा एक पर्याय आपल्याकडे घराशेजारी मिळतो. संक्रांतीच्या सुमारास पतंगाच्या दुकानांत जो कागदाचा ताव मिळतो, त्यातल्या पातळ, किंचित चकचकीत प्रकारावर मी सुंदर काम होताना पाहिले आहे. सगळे पतंगी कागद पाण्याने आकसत नाहीत, म्हणून आधी टाकाऊ काड्यांची चौकट करून त्यावर तुकडा ताणून पाहावा. रंगीत कागद निवडला तर रंग देण्याची गरजच राहत नाही, आणि ही फार मोठी सोय आहे. सगळ्या विमानाला लागणारा टिश्यू हलका असेल तर जेमतेम दोन ग्रॅम भरतो. त्यावर डब्यातला रंग फवारला की सहज पाचसहा ग्रॅम वाढतात. सेस्नावरची लाल किंवा निळी पट्टी रंगवण्यापेक्षा त्याच रंगाच्या टिश्यूची पट्टी कापून पातळ डोपने, म्हणजे टिश्यूवर द्यायच्या लॅकरने, चिकटवावी. ती रंगवलेल्या पट्टीपेक्षा अधिक स्वच्छ दिसते, आणि तिचे वजन काट्यावर जवळपास कळतही नाही.

डोप म्हणजे नायट्रोसेल्युलोजचे पातळ लॅकर. खास विमानांसाठीचा डोप मिळाला नाही तर रंगाच्या दुकानातले स्वच्छ एनसी लॅकर समप्रमाणात थिनर घालून चालते, आणि त्यात एरंडेल तेलाचे काही थेंब टाकले तर थर लवचीक राहतो व कागद वर्षानुवर्षे अधिकाधिक आकसत जाऊन पंख वाकडा करीत नाही. पंखांना एकदोन हात, शेपटीला एकच. काम खिडक्या उघड्या ठेवून करावे आणि जवळपास ज्योत नसावी, कारण हे द्रावण चटकन पेट घेते. कोकणात आणि मुंबईत, आणि पावसाळ्यात तर घाटावरही, डोपचा आणखी एक त्रास होतो. थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यावर जमते आणि पारदर्शक थर दुधासारखा पांढरट पडतो. म्हणून डोप लावण्याचे काम ऑक्टोबर ते मे या काळातल्या कोरड्या दुपारी उरकावे. पावसाळ्यात सांगाडा बांधावा आणि कागद चढवण्यासाठी दसऱ्याची वाट पाहावी. घाई करून आषाढात कागद चढवला तर तो ढिला पडतो, आणि हिवाळ्यात तोच इतका ताणला जातो की पातळ कडा आत ओढल्या जातात.

आता वजनाचा हिशोब, ज्यावर माझे सर्व म्हणणे उभे आहे. मूळ सेस्नाच्या पंखांचे क्षेत्रफळ अठरा पट लहान प्रमाणात आणले तर ते सुमारे ५०० चौरस सेंटिमीटर येते. पेटीतले सगळे लाकूड, सगळे प्लॅस्टिक, सगळी चित्रे आणि वर फवाऱ्याचा रंग वापरला तर असे विमान रबरासह ८० ग्रॅमपर्यंत सहज जाते. लाकूड निवडून, रंग टाळून आणि गोंद जपून वापरून तेच विमान ५० ग्रॅमच्या आसपास आणता येते. फरक तीस ग्रॅमचा आहे आणि ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु ५० ग्रॅमचे विमान सेकंदाला पाच मीटरच्या आतबाहेर वेगाने तरंगते, तर ८० ग्रॅमच्या विमानाला हवेत राहण्यासाठी त्याच्या सव्वापट वेग लागतो. सपाट उडत राहण्यासाठी लागणारी शक्ती दुप्पट होते, आणि जमिनीवर आदळताना त्याच्यात अडीच पट ऊर्जा असते. म्हणजे जड विमान कमी वेळ उडते, अधिक वेगाने पडते आणि अधिक मोडते. मजबुतीसाठी म्हणून घातलेले वजनच शेवटी विमान मोडण्यास कारणीभूत होते.

शेपटीचा उल्लेख वर केला होता. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण एक-तृतीयांश अंतरावर यायला हवा. या विमानाची लांबी जवळपास साडेसोळा इंच, आणि त्यात तोलाच्या पुढे नाक आखूड, मागे शेपटी लांब. त्यामुळे शेपटीत वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमला तोलण्यासाठी नाकात दोन ते अडीच ग्रॅम माती किंवा शिसे भरावे लागते. शेपटीवर रंगाचा एक हात अधिक दिला तर त्याची किंमत आपण तीन ते साडेतीन पट मोजतो. उलट नाकाकडचे प्लॅस्टिकचे भाग जड असले तरी ते बिनदिक्कत बसवावेत, कारण तेथे वजन लागणारच आहे आणि नाक आदळते तेव्हा तेच आधी मार झेलते. सगळे प्लॅस्टिक फेकून द्या असा सल्ला काही जाणकार देतात, पण या विमानापुरता मला तो पटत नाही.

प्रोपेलर आणि रबर यांबाबत मात्र मी पेटीबाहेर जाण्याचाच सल्ला देईन. रबरावरच्या विमानाला मोठा आणि सावकाश फिरणारा प्रोपेलर मानवतो, आणि व्यास पंखविस्ताराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असावा असा ढोबळ नियम आहे, म्हणजे येथे ८ इंच. असे प्लॅस्टिकचे प्रोपेलर सुटे मिळतात. रबर ताजे असावे, धुऊन त्यावरची पूड काढलेली असावी आणि त्याला एरंडेल तेलाचा किंवा सिलिकॉन तेलाचा हात लावलेला असावा, म्हणजे पिळताना धागे एकमेकांवर घासून तुटत नाहीत. बोटाने प्रोपेलर फिरवून पीळ भरणे हे फक्त पहिल्या चाचणीपुरते. खरे उड्डाण करायचे असेल तर रबर मागच्या बाजूला धरून पुढे तिप्पट ताणावे, दात्यांच्या वाइंडरने पीळ भरत जावे आणि पीळ वाढेल तसतसे हळूहळू विमानाजवळ यावे. डोळ्यांवर चष्मा असावा. रबर न वापरता ठेवायचे असेल तेव्हा काळ्या पिशवीत, उन्हापासून दूर ठेवावे. या साध्या ऊर्जासाठ्याचा वारसा मोठा आहे. आल्फाँस पेनो या तरुण फ्रेंच संशोधकाने १८७१ मध्ये पॅरिसच्या ट्विलरी बागेत पिळलेल्या रबरावर चालणारे छोटे विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर उडवून दाखवले होते, आणि मागच्या आडव्या पंखाने तोल सांभाळण्याची त्याची युक्ती आपल्या सेस्नातही जशीच्या तशी आहे.

उडवण्यासाठी सूर्योदयानंतरचा पहिला तास निवडावा. हिवाळ्यात त्या वेळी हवा अगदी स्थिर असते आणि गवतावर दव असल्याने विमान मऊ जागी उतरते. आधी पीळ न भरता, गुडघ्यावर बसून, नाक किंचित खाली ठेवून विमान हलकेच पुढे सोडावे, फेकू नये. ते झोके घेत पुढे गेले तर नाकात थोडी माती वाढवावी किंवा मागच्या पंखाची मागची कड केसभर खाली करावी, आणि सरळ खाली गेले तर उलट करावे. तरंगणे जमल्यावर थोडा पीळ भरावा. प्रोपेलर उजवीकडे फिरतो तेव्हा विमान डावीकडे कलते, आणि पूर्ण पीळ असताना नाक वर जाते. त्यावर उपाय म्हणून प्रोपेलरच्या दांड्याखालचा ठोकळा दोनतीन अंश खाली आणि एकदोन अंश उजवीकडे वळवावा. मागची शेपटी वाकवून हा दोष झाकण्याचा मोह होतो, पण रबराचा जोर ओसरल्यावर तीच वाकवलेली शेपटी विमानाला जमिनीकडे नेते. जोराचा दोष जोराच्याच दिशेत दुरुस्त करावा. असे जुळवलेले, पन्नास-पंचावन्न ग्रॅमचे सेस्ना डावीकडे मोठी वर्तुळे घेत छपरांच्या उंचीपर्यंत चढते, अर्ध्या मिनिटाच्या आसपास हवेत राहते, आणि उतरताना त्याची चाके गवताला अलगद लागतात. खरे सेस्ना उतरताना दिसते तसेच हे दृश्य दिसते, आणि त्यासाठी केलेले सगळे कष्ट सार्थकी लागतात.

किमतीचा प्रश्न राहतो. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून किटच्या मूळ किमतीइतकाच भार पडू शकतो, म्हणून दोघाचौघांनी मिळून एकत्र मागवणे परवडते. लहान मुलांसाठी, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या आतील मुलांसाठी, हे किट मी सुचवणार नाही. धारदार पाते, थिनर आणि आठवडेच्या आठवडे चालणारे काम यांना लागणारा धीर त्या वयात क्वचितच असतो. त्यांनी बाल्साच्या हाताने सोडायच्या साध्या ग्लायडरपासून सुरुवात करावी. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकलेल्या कॅडेटला मात्र हे किट लगेच जमेल, आणि कंट्रोल लाइनच्या, म्हणजे हातातल्या तारांनी गोल फिरवत उडवायच्या जड, दणकट विमानांनंतर हलक्या बांधणीची शिस्त त्याला नव्याने शिकायला मिळेल.

अलीकडे अनेकजण याच सांगाड्यात छोटी विद्युत मोटर, बॅटरी आणि रेडिओ यंत्रणा बसवतात. तसे केल्यास २०२१ च्या ड्रोन नियमांकडे लक्ष द्यावे. २५० ग्रॅमपर्यंतचे यान नॅनो वर्गात येते आणि त्यासाठी वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही, परंतु विमानतळ व लष्करी तळांभोवतीच्या लाल पट्ट्यात परवानगीवाचून तेही उडवता येत नाही. पुणे किंवा नाशिकसारख्या शहरांत उडवणाऱ्याने डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी पाहून घ्यावा.

विकत घेणाऱ्याला शेवटची एक सूचना. पेटी उघडताच, एकही भाग फळीतून सोडवण्याआधी, आराखड्याची झेरॉक्स पूर्ण आकारात काढून घ्यावी आणि बांधणी त्या प्रतीवर करावी. प्रत काढल्यावर छापील पट्टीवरचे इंच मोजून पाहावेत, कारण यंत्रे कधीकधी आकार एखाद्या टक्क्याने बदलतात, आणि मग कापलेले भाग व आराखडा यांचा मेळ बसत नाही. फळ्यांवरच्या फासळ्या आणि आडवे छेदही पुठ्ठ्यावर पेन्सिलने उतरवून ठेवावेत. मूळ आराखडा आणि हे पुठ्ठे जवळ असले की दुसरे सेस्ना सुट्या, निवडून घेतलेल्या हलक्या बाल्साचे बांधता येते, आणि त्याला कोणत्याही पेटीची गरज लागत नाही. माझ्याकडचे दुसरे विमान सध्या याच पुठ्ठ्यांवरून तयार होत आहे. त्याचा शेपटीचा भाग पहिल्याच्या निम्म्याहून कमी वजनाचा झाला आहे, आणि नाकात माती जवळजवळ लागणारच नाही असे दिसते.